कंबर आणि घड्याळ : जुनाट पाठदुखी घेऊन रोजची कामे कशी करावीत

कमरेचे बहुतेक नवे दुखणे ६ आठवड्यांच्या आत बरेचसे ओसरते. उसण भरली, चार दिवस वाकडे चालावे लागले आणि मग सुटली, असा ज्यांचा अनुभव आहे त्यांना पुढच्या मजकुराची फारशी गरज नाही. ३ महिन्यांहून अधिक टिकलेल्या दुखण्याला जुनाट म्हणतात, आणि हा लेख त्या गटातल्या माणसांसाठी आहे: जी सकाळी डोळे उघडल्यावर आधी कमरेचा अंदाज घेतात, देवळात भजनाला जाताना टेकायला खांब मोकळा आहे का ते पाहतात, आणि लग्नाची पत्रिका हातात पडली की पहिला विचार तिथल्या खुर्च्यांचा करतात. मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यातला शाळामास्तर असून गेली १२ वर्षे या गटात आहे.

माझी कंबर गणेश चवथीच्या आदल्या दिवशी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधताना धरली. सुपारीचा भला मोठा घड हात वर करून बांधला तेव्हा काही झाले नाही. नंतर जमिनीवर पडलेली सुतळी उचलायला वाकलो आणि तिथेच अडकलो. ज्या डॉक्टरांना पहिल्यांदा दाखवले त्यांनी ३ आठवडे पडून राहायला सांगितले. मी तो सल्ला तंतोतंत पाळला, आणि तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी मला जिना चढताना धाप लागू लागली, कंबर मात्र होती तिथेच होती. दीर्घ विश्रांतीचा हा सल्ला तेव्हाही जुना झालेला होता. अमेरिकेत १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कंबर धरलेल्या रुग्णांपैकी काहींना २ दिवस आणि काहींना ७ दिवस अंथरुणात राहायला सांगितले होते. दुखण्यात दोन्ही गटांत फरक पडला नाही, कामावर मात्र २ दिवसवाले लवकर परतले. पुढे एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी माझे सगळे ऐकून घेतल्यावर एकच वाक्य सांगितले, आणि माझी बारा वर्षे त्या वाक्यावर निघाली आहेत: "सर, दुखल्यावर थांबू नका, दुखायच्या आधी थांबा."

त्या वाक्याचा व्यवहारात अर्थ काय होतो, ते खाली सविस्तर सांगितले आहे. त्याआधी एक तपासणी करून घेणे आवश्यक आहे, कारण काही पाठदुखी घरगुती शिस्तीने हाताळण्याजोगी नसते.

कोणत्या लक्षणांना थांबायचे नाही

लघवी तुंबणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा सुटणे, मांड्यांच्या आतल्या बाजूला व बसायच्या जागी बधिरपणा येणे, पायांतली ताकद वेगाने उतरत जाणे, यांपैकी काहीही दिसले तर मणक्याच्या तळाशी असलेला नसांचा जुडगा दाबला गेल्याची शक्यता असते. इथे हिशेब तासांचा असतो. सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा आणि बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजसारख्या (गोमेकॉ), शस्त्रक्रियेची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात पोहोचावे.

दुसरा गट इतक्या घाईचा नाही, पण दुर्लक्ष करण्याजोगाही नाही. संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणे, रात्री घाम येणे आणि पाठीत एकाच जागी सतत ठणका, ही मणक्याच्या क्षयाची लक्षणे असू शकतात, आणि आपल्या देशात ही शक्यता मनात धरावीच लागते. पूर्वी कर्करोग होऊन गेलेला असेल, दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेतलेल्या असतील, किंवा पाळी गेलेल्या बाईला साध्या घसरण्यानंतर पाठीत तीव्र कळ सुरू झाली असेल, तर आठवड्याभरात तपासून घ्यावे. तिसरा प्रकार तरुणांचा आहे आणि तो वर्षानुवर्षे हुकतो: वय ४५ च्या आत, सकाळी अर्ध्या तासाहून अधिक वेळ पाठ आखडलेली, पहाटे दुखण्याने जाग येणारी, आणि विश्रांतीने वाढून हालचालीने सुटणारी कंबर. हा सांध्यांच्या दाहाचा आजार असू शकतो, आणि त्यासाठी हाडांच्या डॉक्टरांपेक्षा संधिवाततज्ज्ञांकडे जाणे योग्य ठरते.

यांतले काहीच नसेल, तर पुढचा मजकूर तुमच्या कामाचा आहे.

"गॅप" नावाचे भूत

एमआरआयचा अहवाल हातात आला की घरात "मणक्यात गॅप आली", "चकती सरकली", "नस दबली" अशी भाषा सुरू होते, आणि त्या दिवसापासून माणूस काचेच्या भांड्यासारखा वागू लागतो. अहवालातले शब्द खोटे नसतात, पण त्यांचा अर्थ आपण लावतो तितका भयंकर नसतो. ज्यांची पाठ मुळीच दुखत नाही अशा सुमारे ३ हजार लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्यांत झीज दिसली आणि ऐंशीतल्या ९६ टक्क्यांच्या. चकती फुगलेली दिसण्याचे प्रमाण विशीत ३० टक्के होते, तर ऐंशीत ८४ टक्के. म्हणजे पन्नाशीच्या माणसाच्या अहवालात झीज लिहून आली तर ती बव्हंशी पांढऱ्या केसांच्या जातीची गोष्ट आहे. पायात उतरणारी कळ, बधिरपणा किंवा अशक्तपणा असेल, आणि अहवालातली जागा त्याच नसेशी जुळत असेल, तेव्हा मात्र त्या अहवालाला वजन येते, आणि ते जुळवणे डॉक्टरांचे काम आहे.

मग झीज जर सगळ्यांनाच असते, तर दुखते का? दुखणे जुने झाले की मज्जासंस्थाच अधिक तिखट होते. ज्या घरात एकदा चोरी झाली त्या घरचा कुत्रा पुढे पोस्टमनवरही भुंकतो. भुंकणे खरे असते, चोर मात्र नसतो. जुनाट दुखण्यात वेदना खरी असते, नाटक नसते, परंतु दर वेळी ती नव्या इजेची वर्दी देत असतेच असे नाही. कुत्र्याला शांत करायचे तर पोस्टमनला येणे बंद करून चालत नाही. त्याने रोज, ठरल्या वेळी, न घाबरवता येत राहावे लागते, आणि कमरेच्या बाबतीत तो पोस्टमन म्हणजे हालचाल.

घड्याळाची पद्धत

जुनाट दुखण्याच्या माणसाचा आठवडा साधारणपणे असा जातो. एखाद्या दिवशी कंबर हलकी वाटते, तेव्हा तो साचलेली सगळी कामे एकदम अंगावर घेतो: कपाट आवरतो, अंगण झाडतो, बाजार आणतो, आणि वर म्हापशाला जाऊन येतो. दुसऱ्या दिवशी कंबर धरते आणि पुढचे तीन दिवस आडवे जातात. मग पुन्हा बरे वाटते आणि पुन्हा तेच. या चक्रात प्रत्येक फेरीला आडवे पडण्याचे दिवस वाढतात आणि अंगातली ताकद थोडी कमी होते. या चक्रात काम किती करायचे हे दुखणे ठरवत असते. ते दुखण्याच्या हातून काढून घड्याळाच्या हाती द्यायचे, एवढीच ही पद्धत आहे.

मी ती प्रथम उत्तरपत्रिकांवर वापरली, म्हणून तेच उदाहरण देतो. सलग ३ दिवस मी टेबलाशी बसून पेपर तपासले आणि कंबर कुरकुरू लागेपर्यंत किती मिनिटे गेली ते लिहून ठेवले. पहिल्या दिवशी ३५, दुसऱ्या दिवशी ५०, तिसऱ्या दिवशी ३५. सरासरी ४० मिनिटे आली. तिचा पाऊण हिस्सा, म्हणजे ३० मिनिटे, हा माझा मुक्काम ठरला. मोबाइलवर ३० मिनिटांचा गजर लावायचा, तो वाजला की हातातला पेपर अर्धा असला तरी लेखणी खाली ठेवायची, उठून ओसरीवर दोन फेऱ्या मारायच्या, पाणी प्यायचे आणि पाच मिनिटांनी पुन्हा बसायचे. पहिल्या आठवड्यात हे फार बावळटपणाचे वाटते, कारण गजर वाजतो तेव्हा कंबर अगदी छान असते आणि उठावेसे वाटत नाही. पण मर्म तिथेच आहे. छान असताना उठले तरच संध्याकाळी पुन्हा बसता येते.

या मुक्कामाला दोन बाजू आहेत आणि लोक त्यांतली एकच पाळतात. चांगल्या दिवशी ३० मिनिटांच्या पलीकडे जायचे नाही, ही पहिली बाजू. वाईट दिवशी काम पूर्ण सोडायचे नाही, ही दुसरी. दुखत असेल तर १५ मिनिटे बसा, पण बसा. आठवडाभर मुक्काम सुखाने जमला की पुढच्या आठवड्यात तो दहा टक्क्यांच्या आसपास वाढवायचा, म्हणजे ३० ची ३३ मिनिटे. एखाद्या आठवड्यात वाढवता आला नाही तर तिथेच थांबायचे. मला ३० वरून ४५ वर यायला जवळजवळ ४ महिने लागले, आणि ४५ नंतर मी वाढवणे सोडून दिले, कारण सलग पाऊण तासाहून अधिक बसायची गरजच कुणाला नसते.

हीच मोजणी प्रत्येक कामाला वेगळी करावी लागते. चालणे, उभे राहून भांडी घासणे, गाडी चालवणे, खाली बसून भाजी चिरणे, सगळ्यांचे मुक्काम निराळे निघतात. माझ्या शेजारच्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, काम करणाऱ्या बाई डोक्यावर टोपली घेऊन अर्धा तास सहज चालतात, आणि त्याच बाईंना उकिडवे बसून सुपारी सोलताना १० मिनिटांत कंबर धरते. सगळी कामे एकदम मोजायला घेऊ नयेत. सर्वांत जास्त अडणारी दोन निवडावीत, ती बसली की तिसरे घ्यावे.

घरातली कामे

आपल्याकडच्या स्वयंपाकघरात कमरेचा कस लागतो तो आदोळीवर, म्हणजे नारळ खवायच्या विळीवर. एक गुडघा दुमडून, आदोळीच्या पाटावर तिरके बसून, पुढे वाकून नारळ खवताना कंबर वाकलेली आणि पिळलेली अशी दोन्ही स्थितींत राहते. रोजच्या हुमणाचा, म्हणजे माशांच्या आमटीचा, एक नारळ पाच-सात मिनिटांत होतो आणि त्याने काही बिघडत नाही. चवथीच्या नेवऱ्यांसाठी (करंज्यांसाठी) एका बैठकीत सात-आठ नारळ खवले की बिघडते. सोपा उपाय म्हणजे दोन दिवस आधीपासून थोडेथोडे खवून फ्रीजमध्ये ठेवणे. खाली बसणे अजिबात जमत नसेल तर ओट्याला अडकवायची फिरकीची खवणी मिळते, तिच्यावर उभ्याने काम होते. आमच्या घरी जुन्या पिढीला ती चालली नाही, तिने खोबरे बारीक पडत नाही अशी तक्रार होती, आणि ती तक्रार रास्त होती; मग आम्ही आदोळीच स्टुलावर ठेवून तिच्यासमोर उभे राहण्याची सोय करून पाहिली, पण ती डगमगते, तेव्हा तो प्रयोग कुणी करू नये.

वजन उचलण्याबाबत "गुडघ्यांत वाका, कमरेत वाकू नका" हे वाक्य आपण सगळेच ऐकत आलो आहोत. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. वजन अंगाजवळ धरणे, उचललेले असताना कमरेतून वळण्याऐवजी पावले वळवणे, आणि वजनच लहान करणे, या तीन गोष्टींचा फायदा अधिक होतो. २० लिटरची भरलेली बादली म्हणजे २० किलो. ती एका हाताने नेण्यापेक्षा दोन हातांत दोन अर्ध्या बादल्या न्याव्यात. घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर ३० किलोच्या आसपास असतो, तो उचलण्याच्या भानगडीत पडू नये, तळाच्या कडीवर तिरका करून फिरवत न्यावा. उलट, सुतळी किंवा खाली पडलेला खडू उचलायला कमरेतून वाकायची भीती बाळगू नये. वाकणे हा कमरेचा स्वभाव आहे. सकाळी उठल्यावरचा पहिला अर्धा तास तेवढा जपावा, कारण रात्रभरात चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात आणि तेव्हा खोल वाकणे अनेकांना जड जाते.

घरच्या माणसांबद्दल इथेच सांगितले पाहिजे. "तू बस, मी करते" हे वाक्य प्रेमाचे असते आणि ते हळूहळू माणसाच्या हातातली सगळी कामे काढून घेते. माझ्या बायकोने पहिल्या वर्षी माझ्या वाटणीचा नारळ खवणेसुद्धा स्वतःकडे घेतले होते. ते मला परत मागून घ्यावे लागले. मदत हवी असेल तर ती कामाच्या तुकड्याची मागावी, अख्ख्या कामाची नव्हे: वरच्या फळीवरचा डबा कुणीतरी काढून द्यावा, पण पोहे आपणच करावेत.

रस्ता, गाडी आणि बसणे

फोंडा ते पणजी हे सुमारे ३० किलोमीटरचे अंतर रोज दुचाकीवरून कापणारे हजारो लोक आहेत. स्कूटरच्या चाकांतली हवा कंपनीने सांगितलेल्या मापापेक्षा जास्त भरलेली असेल तर प्रत्येक खड्डा थेट कमरेत येतो, म्हणून आठवड्यातून एकदा हवा मापून घ्यावी. गतिरोधकावर वेग अगदी कमी करून, पायांवर भार घेऊन बैठकीवरून किंचित उचलले जावे. मागे एका बाजूला पाय टाकून बसल्यास पूर्ण प्रवासभर कंबर पिळलेली राहते, तेव्हा पंजाबी ड्रेस घालून दोन्हीकडे पाय टाकून बसणे सोयीचे आणि सुरक्षितही. लांबचा पल्ला असेल तर मध्ये, म्हणजे बाणस्तारीच्या आसपास, दोन मिनिटे उतरून चालावे. बसने जाणाऱ्याने शक्य असेल तर मागच्या चाकावरची सीट टाळावी. खुर्चीबाबत मी महागड्या खुर्च्यांचा भक्त नाही. पाय जमिनीला पूर्ण टेकावेत आणि कमरेच्या खोलगट भागात गुंडाळलेला टॉवेल असावा, एवढ्यावर भागते. कोणतीही बसण्याची रीत तास-दीड तास टिकवली की ती वाईटच ठरते.

भजनाला, कीर्तनाला किंवा जत्रेतल्या रात्रभरच्या नाटकाला जायचे सोडू नये. कडेची जागा धरावी म्हणजे कुणाला न उठवता उभे राहता येते. मी नाटकाच्या प्रत्येक अंकानंतर चहाच्या टपरीपर्यंत जाऊन येतो, आणि आता गावात त्याचे कुणाला काही वाटत नाही.

चालणे आणि पाच व्यायाम

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत चांगल्या पुराव्याचा उपाय चालणे हा आहे. ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. पाठदुखीतून नुकतेच सावरलेल्या ७०१ लोकांपैकी ज्यांना फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाने हळूहळू चालणे वाढवायला शिकवले, त्यांच्यातल्या निम्म्या लोकांचे दुखणे परतायला २०८ दिवस लागले. ज्यांना काहीच शिकवले नाही त्यांच्यात ११२. उद्दिष्ट होते ६ महिन्यांत आठवड्यातून ५ दिवस, रोज ३० मिनिटे, इथवर पोहोचण्याचे. घड्याळाची पद्धत चालण्यालाही लागू आहे: ८ मिनिटांपासून सुरुवात करायला लाज वाटू देऊ नये.

मिरामारला किंवा कोलव्याला किनाऱ्यावर चालणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. कोरड्या वाळूत पाय रुततात, आणि पाण्याच्या कडेने वाळूला उतार असतो, त्यामुळे एकाच दिशेने लांब चालले तर एक पाय सतत खाली राहतो. ओहोटीच्या वेळी ओली, घट्ट वाळू निवडावी आणि जितके गेलो तितकेच परत यावे. पावसाळ्यात, जूनपासून सप्टेंबरपर्यंत, बहुतेकांचे चालणे बंद पडते, आणि "पावसाने कंबर धरली" असे जे आपण म्हणतो त्यातला निदान काही भाग या न चालण्याचा असावा, असे माझे मत आहे. माझी ओसरी ११ पावलांची आहे. पावसाळ्यात मी तिथे १५ मिनिटे फिरतो आणि शेजारी मला हसतात.

व्यायाम चटईवर करावेत. खाली बसता-उठता येत नसेल तर कडक पलंगावर चालतात. पाठीवर झोपून गुडघे दुमडावेत आणि एक-एक गुडघा दोन्ही हातांनी छातीकडे ओढून १० सेकंद धरावा. त्याच स्थितीत पाय टेकवून नितंब वर उचलावेत, ५ सेकंद धरून सावकाश खाली आणावेत, असे ८ वेळा. हात-गुडघ्यांवर येऊन पाठ मांजरासारखी वर कमानवावी आणि मग हळूच खाली सोडावी, १० वेळा. त्याच ओणव्या स्थितीत उजवा हात आणि डावा पाय सरळ लांबवून ५ सेकंद धरावेत, मग बाजू बदलावी. कमरेवर पाण्याचा पेला ठेवला आहे असे समजावे, तो सांडता कामा नये. पाचवा व्यायाम म्हणजे खुर्चीवरून हातांचा आधार न घेता १० वेळा उठणे-बसणे, आणि म्हाताऱ्या माणसाने एकच करायचा तर हा करावा.

व्यायाम करताना थोडे दुखणे चालते. ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मूळ पातळीवर आले तर मात्रा योग्य आहे असे समजावे. पायात कळ असणाऱ्यांनी तिची दिशा पाहावी: कळ पोटरीतून वर मांडीकडे, कमरेकडे सरकत असेल तर कंबर थोडी जास्त दुखली तरी ते चांगले लक्षण आहे, ती खाली पावलाकडे उतरत जात असेल तर तो व्यायाम थांबवून फिजिओथेरपिस्टला विचारावे.

रात्र

फळीवर किंवा जमिनीवर झोपल्याने कंबर सरळ होते हा समज आपल्याकडे घट्ट आहे. स्पेनमध्ये ३१३ रुग्णांवर झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांचे दुखणे कडक गादीवाल्यांपेक्षा जास्त कमी झाले. कुशीवर झोपणाऱ्याने गुडघ्यांच्या मध्ये उशी घ्यावी, पाठीवर झोपणाऱ्याने गुडघ्यांखाली. उठताना सरळ उठून बसण्याऐवजी आधी कुशीवर वळावे, पाय पलंगाखाली सोडावेत आणि हाताने रेटा देत उठावे.

झोप मोडली की दुसऱ्या दिवशी दुखणे वाढते, आणि दुखणे वाढले की झोप मोडते. उठण्याची वेळ ठरलेली ठेवणे हा यातला सर्वांत हाताशी असलेला उपाय आहे. महिनोन्‌महिने दुखत राहिलेल्या माणसाचे मन खचणे स्वाभाविक आहे. कशातच रस वाटेनासा झाला, रडू येऊ लागले, जगणे नकोसे वाटू लागले, तर त्यावर उपचार घेण्यात कमीपणा नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते आणि बांबोळीला मनोविकारांचे सरकारी रुग्णालय आहे. दुखणे "मनाचे" आहे असा याचा अर्थ नाही. मन सावरले की त्याच दुखण्यात जास्त कामे होतात.

गोळ्या, पट्टे आणि चोळण्याच्या गोष्टी

इथे थोडक्यात. डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या दुखणे उफाळलेल्या थोड्या दिवसांसाठी डॉक्टरांना विचारून घ्याव्यात. फार्मसीतून आणून महिनोन्‌महिने घेतल्या तर जठर, मूत्रपिंडे आणि रक्तदाब यांना त्या बाधतात, आणि ज्यांना आधीच यांतला विकार आहे त्यांनी तर स्वतःच्या मनाने त्या घेऊच नयेत. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली त्यांत कमरेचा पट्टा, वजने लावून कंबर ओढणे आणि अफूवर्गीय वेदनाशामके यांची नेहमीच्या उपचारात शिफारस केलेली नाही. माझा पट्टा कपाटात आहे.

शेक घ्यावा, १५-२० मिनिटे, मध्ये कापड ठेवून. मधुमेहामुळे संवेदना कमी झालेल्यांनी पाणी दुसऱ्याकडून तपासून घ्यावे, कारण भाजलेले कळत नाही. तेल लावून हलक्या हाताने चोळून घेण्याने बरे वाटते आणि तेवढे कारण पुरेसे आहे. मणके "बसवून" देणाऱ्याकडे मात्र जाऊ नये. फेणी पाठीला चोळली तर फार तर वास येतो, पोटात घेतली तर झोप पहाटे मोडते, आणि वेदनेच्या किंवा झोपेच्या गोळ्यांबरोबर ती धोकादायक आहे. घटक न छापलेल्या पुड्या कुणी कितीही खात्रीने दिल्या तरी घेऊ नयेत. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडल्याची उदाहरणे भारतात नोंदली गेली आहेत, आणि पहिल्या आठवड्यात "जादू" वाटते ती त्याचीच.

कंबर पुन्हा धरेल तेव्हा

ती धरेल. वर्षातून एक-दोन वेळा माझी धरते, आणि पहिल्या काही वर्षांत दर वेळी मला वाटायचे की केलेले सगळे पाण्यात गेले. त्या क्षणी डोके चालत नाही, म्हणून काय करायचे ते चांगल्या दिवशी कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवावे. माझ्या कागदावर असे आहे: वरची धोक्याची लक्षणे एकदा तपासायची. पहिले दोन दिवस सगळे मुक्काम निम्मे करायचे, शून्य नाही. दर तासाला उठून ओसरीची एक फेरी, काठी लागली तरी. पाठीवर झोपून पोटऱ्या खुर्चीवर ठेवायच्या, १० मिनिटे, दिवसातून तीनदा. शेक. तिसऱ्या दिवसापासून चालणे दोन-दोन मिनिटांनी वाढवायचे. दोन आठवड्यांत उतार पडला नाही तर फिजिओथेरपिस्टला फोन करायचा. शाळेत कुणाला तास बदलून मागायचा त्या सहकाऱ्याचे नावही त्यावर आहे, कारण दुखत असताना असले फोन करणे फार जिवावर येते.

सर्वांत खाली, बायकोच्या अक्षरात, एक ओळ नंतर वाढवलेली आहे: नारळ अर्धा, पण खवायचा.